सुटली म्हण

डमडम, कलकत्ता, शनिवार दुपार

प्रिय अनीश,

हे पत्र सारंगच्या हाती देतेय. तो उद्या तुमच्या बँकेच्याच कामासाठी भुवनेश्वरला येतोय. मी त्याला बजावून ठेवलंय की पाकीट तुझ्या हातात द्यायचं आणि तू ते फोडेपर्यंत समोरून हलायचं नाही. बिचारा घाबरला. घाबरू दे. फोनवर माझा आवाज चढला की तू "मीटिंग आहे गं" म्हणून ठेवून देतोस, म्हणून हा सगळा उपद्व्याप. कागदावर मला हवं तेवढं ओरडता येतं, आणि आज मला ओरडायचंच आहे.

नूपुर गुरुवारी घरी आली. तुला मेसेज केला होता, त्यावर तू जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलंस. अरे, नमस्कार कुणाला केलास? देवाला, डॉक्टरांना, की मला? नऊ वर्षांची तुझी पोर आठवडाभर नाकाला ऑक्सिजनची नळी लावून पडली होती आणि तुझं ऑडिट चालू होतं. मी म्हटलं, निदान एक दिवस ये. तर म्हणालास, "डॉक्टर आहेत, तू आहेस, मी येऊन काय करणार?" हे वाक्य मी तेव्हापासून चघळतेय. सियालदह स्टेशनच्या गर्दीत, शाळेच्या जिन्यात, वरणाला फोडणी देताना. मी येऊन काय करणार! जसं काही घरातला पंखा बिघडलाय आणि मिस्त्री आधीच येऊन बसलाय.

आणि घरी आली म्हणजे बरी झाली, असं समजू नकोस. डॉक्टर तन्मय सेननी मला समोर बसवून स्वच्छ सांगितलंय. डाव्या फुप्फुसाचा खालचा कोपरा कायमचा दुखावलाय, तो पूर्वीसारखा होणं कठीण. उरलेलं सांभाळायचं असेल तर तिने रोज सकाळ-संध्याकाळ फुंकायला हवं, मनसोक्त खोकायला हवं, आतला कफ बाहेर काढायला हवा. औषधं आहेत, पाठ थोपटणं आहे, ते मी करतेच. पण तुझी मुलगी फुंकत नाही. दिवाळीपासून तिने एकदाही फुंकलेलं नाही. ओठ घट्ट मिटून घेते आणि माझ्याकडे अशा डोळ्यांनी बघते की मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

तिचा आजार कळला तेव्हा मी तुला सगळं समजावून सांगितलं होतं आणि तू "बरं, बरं" म्हणाला होतास. पत्रात "बरं, बरं" म्हणता येत नाही, तेव्हा आता मुकाट्याने वाच. आपल्या श्वासनळ्यांच्या आतल्या अंगाला डोळ्यांना न दिसणारे केस असतात. ते एका लयीत हलतात आणि धूळ, काजळी, जंतू अडकलेला चिकट थर वर घशाकडे ढकलत राहतात. तुझ्या-माझ्या छातीत हे काम आत्ताही चालू आहे, आपण कितीही भांडत असलो तरी. नूपुरचे केस जन्मापासून हलत नाहीत. अर्धा दोष तुझ्याकडून आला, अर्धा माझ्याकडून. निदान तेवढ्यात तरी आपण बरोबरीचे भागीदार आहोत.

मग तिच्याकडे उरलं काय? एक तर खोकला. आणि दुसरं म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. मी अकरावीच्या मुलांना इतकी वर्षं घसा फोडून शिकवतेय की एटीपी म्हणजे पेशीची ऊर्जा, पेशीच्या आतली शिदोरी. डॉक्टर सेन म्हणाले, तोच रेणू पेशी बाहेरही सोडतात, आणि बाहेर पडला की तो निरोप्या होतो. आपण खोल श्वास घेतो, नळ्या ताणल्या जातात, हवा त्यांच्या अंगाला घासून जाते, तेव्हा तिथल्या पेशी हा एटीपी बाहेर टाकतात. तो शेजारच्या पेशींवर जाऊन बसतो. मग त्या क्षार बाहेर सोडतात, क्षारामागे पाणी येतं, कफ सैल होतो आणि खोकला तो वर आणतो. नूपुरचे केस बसून राहिले तरी ही निरोपांची सोय तिच्याकडे आहे. फक्त त्या निरोपाचं आयुष्य फार थोडं. बाहेर पडला की जरा वेळात त्याचे तुकडे पडतात. मग पुन्हा श्वास, पुन्हा ताण, पुन्हा निरोप. एकदा सांगून भागत नाही. डॉक्टर प्रामाणिक माणूस आहेत. ते म्हणाले, यातलं पुष्कळसं प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर पाहिलेलं आहे, आणि नूपुरच्या छातीत नेमकं किती घडतं ते मोजून दाखवता येणार नाही. पण धावणं, खोल श्वास घेणं, फुंकणं, खोकणं हे तिच्यासाठी खेळ नाहीत, जेवणाइतकंच गरजेचं आहे. वाचलंस? परत एकदा वाच.

ते तोंडात धरून फुंकायचं प्लास्टिकचं यंत्र आठवतं का तुला? आत लोखंडी गोळी थरथरते ते? कसं आठवणार, तू घरी असायचास कधी! त्या यंत्रापायी माझी आणि तिची रोज जुंपायची. ती ते कधी तांदळाच्या डब्यात लपवायची, कधी गादीखाली. शेवटी आपल्या डोक्यावर राहणाऱ्या शोभाकाकीमांनी, पोरगी सारखी देवाच्या बत्ताशांवर डोळा ठेवून बसते म्हणून, तिला गुंतवायला हातात शंख दिला. काकीमांना फुप्फुसातलं ओ की ठो कळत नाही. त्यांना फक्त बत्तासे वाचवायचे होते. पहिले काही दिवस नुसती थुंकी आणि भसाभस वारा. मग एका संध्याकाळी आवाज निघाला, आणि त्यापाठोपाठ नूपुरला असा खोकला आला की तिने काकीमांच्या बेसिनमध्ये हा एवढा कफ टाकला. काकीमा किंचाळल्या, "ठांडा लेगे गेछे!" पोरीला थंडी बाधली म्हणे, आणि भर मे महिन्यात त्यांनी पोरीच्या डोक्यात मंकी कॅप कोंबली. मी हसून हसून बेजार झाले. डॉक्टरही हसले. म्हणाले, हे औषध नाही, बाकीचं सगळं चालू ठेवा, पण एवढ्याशा भोकातून लांब श्वास सोडायचा म्हणजे नळ्या मिटत नाहीत, उघड्या राहतात, तेव्हा खुशाल फुंकू दे.

आणि ती फुंकायला लागली. न सांगता! इथे संध्याकाळ झाली की मजल्यामजल्यावरून बायकांचे शंख सुरू होतात हे तुला ठाऊक आहे. मी इथेच जन्मले, मला त्या आवाजाशिवाय संध्याकाळ झाल्यासारखी वाटत नाही. त्या सगळ्यांत आपल्या मजल्यावरून एक बारका, जरा फाटका शंख निघायचा. तो वाजला की मी शाळेच्या वह्या बाजूला ठेवून ऐकत बसायचे. गेल्या वर्षीच्या थंडीत ती एकदाही हॉस्पिटलमध्ये गेली नाही. हे केवळ शंखामुळे झालं असं मी म्हणत नाही, मी शिक्षिका आहे, असलं काहीतरी ठोकून देत नाही. पण ती आनंदाने श्वास घ्यायला शिकली होती, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मग दिवाळीला तू आलास, सांगलीहून आईंना घेऊन. पहिल्याच संध्याकाळी नूपुर नवा फ्रॉक घालून आजीसमोर उभी राहिली आणि तिने शंख फुंकला. केवढ्या ऐटीत! आईंच्या हातातली पणती तशीच राहिली. म्हणाल्या, "आपल्यात बायका शंख फुंकत नाहीत. मुलीच्या पोटाला बाधतं." मी म्हटलं, आई, या इमारतीतल्या सगळ्या बायका फुंकतात, आणि सगळ्यांना नातवंडं आहेत. तर म्हणाल्या, "त्यांच्यात चालतं." त्याच वेळी वरून काकीमांचा शंख सुरू झाला, इतका मोठा की आईंनी कानांवर हात ठेवले. मी तुझ्याकडे पाहिलं. तुला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. आई, तिच्या तब्येतीसाठी आहे ते, राहू दे. एवढंच! तू चकलीचा तुकडा मोडलास आणि विचारलंस, "चहा होईल का?"

तो चहा मी केला, याचाच मला आता राग येतोय.

दुसऱ्या दिवसापासून शंख बंद झाला. मी विचारलं तेव्हा म्हणालास, "मी बोललोय तिच्याशी. समजूतदार आहे ती. मिटलं ना आता?" मला वाटलं, आजी आहे तेवढे दिवस पोर गप्प बसतेय. यंत्र होतं, पाठ थोपटणं होतं, आठवडा निघून जाईल. तुम्ही गेलात. शंख देवघरातल्या फळीवर तसाच राहिला. मी म्हटलं, नवलाई संपली असेल. मग मी यंत्र पुढे केलं, तर ती तेही तोंडाला लावेना. मी रागावले, लाडीगोडी लावली, संदेश मिठाईचं आमिष दाखवलं, आणि ती नुसती मान हलवायची. वाढदिवसाला वर्गातल्या मैत्रिणी आल्या होत्या, केक आणला होता, तर मेणबत्त्यांसमोर उभी राहून म्हणाली, "आई, तूच विझव." सगळ्या हसल्या. मीही हसले. मला वाटलं, दिवा विझवू नये असं आजीने सांगितलेलं डोक्यात बसलं असेल. मी फुंकर मारली आणि ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. तो चेहरा मला आता झोपू देत नाही.

जानेवारी इथे कसा असतो ते तुला माहीत आहे. सकाळी खिडकी उघडली की धूर घरात येतो, वरून जाणारं विमान ऐकू येतं पण दिसत नाही. आधी ताप आला, मग श्वास लागला, मग तिची नखं निळसर दिसली आणि मी तिला रिक्षात घालून हॉस्पिटलात पोचले. ते सगळं तुला फोनवर सांगितलंय. न सांगितलेलं एवढंच, की वॉर्डमध्ये व्यायाम घ्यायला येणारी मुलगी एक दिवस साबणाच्या फुग्यांची बाटली घेऊन आली. लहान मुलं यंत्राला घाबरतात, फुग्यांना नाही घाबरत. अख्खा वॉर्ड फुगे उडवत होता. पायाला प्लॅस्टर असलेला एक पोरगा तर खाटेवर उठून बसला. नूपुरच्या नाकासमोर एक फुगा आला. ती त्याच्याकडे बघून हसली आणि मग तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. डॉक्टर सेन मला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, हिला कुणी कशाची भीती घातलीय का? मी छातीठोकपणे म्हटलं, छे, आमच्याकडे कुणी मुलांना भीती घालत नाही.

ऐकलंस? छातीठोकपणे!

काल संध्याकाळी काकीमा आल्या होत्या. पुढच्या आठवड्यात इमारतीत सरस्वतीपूजा आहे आणि पूजेचा शंख नूपुरने वाजवायचा असं त्यांनी केव्हाच ठरवून टाकलंय. त्यांनी शंख तिच्या मांडीवर ठेवला आणि गेल्या. ती त्यावरून बोट फिरवत बराच वेळ बसली होती. मी भाजी निवडत होते. एकदम म्हणाली, "आई, शपथ मोडली तर बाबा लगेच मरेल, की हळूहळू?"

आता आठवलं? नाही आठवलं तर मी सांगते, मला तिने सगळं सांगितलंय. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले होते. तू तिला गच्चीवर नेलंस, कपडे वाळत होते तिथे. ती म्हणाली, शंख नाही तर मग पुंगी वाजवू का? तुला घाई असणार, खाली आई वाट बघत असणार. तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "शंख नाही, पुंगी नाही, काही म्हणजे काही फुंकायचं नाही. तुला माझी शपथ आहे." मग तू खाली येऊन दोन वेळा श्रीखंड मागून घेतलंस आणि विसरून गेलास. ती विसरली नाही. शंख नाही, यंत्र नाही, मेणबत्ती नाही, साबणाचा फुगा नाही. आत्ता मागे वळून बघते तर सगळं लख्ख दिसतंय. गरम दूध ती गार होईपर्यंत समोर ठेवून बसायची, मला वाटायचं नखरे करतेय. नाकाला नळी होती, श्वास लागला होता, आणि ती पोर ओठ मिटून तुझा जीव वाचवत होती, अनीश. तुझा!

मी आईंवर चिडलेले नाही. त्यांना जे खरं वाटतं ते त्या माझ्या तोंडावर बोलल्या, आणि त्यांना मी पुढच्या वेळी तोंडावरच उत्तर देईन. मी तुझ्यावर चिडलेय. कारण तुझा त्या पोटाला बाधण्यावर काडीचा विश्वास नाही, शपथेवरही नाही. तुला फक्त आठवडाभर घरात शांतता हवी होती, आणि त्यासाठी तुला जे सगळ्यात सोपं सापडलं ते तू तिच्या डोक्यावर ठेवून गेलास. इतकं प्रेम आहे तिचं तुझ्यावर की तिने ते खाली ठेवलंच नाही. तुझ्या जागी दुसरा कुणी असता तर तिने कधीच मोडली असती ती शपथ.

मी काल तिला जवळ घेऊन म्हटलं, सोडवली मी शपथ, जा. तिने मान हलवली. ज्याने घातली त्यानेच सोडवायची असते. म्हटलं, बाबाला फोन लावू? तर म्हणाली, फोनवर चालत नाही, डोक्यावर हात ठेवून घातलीय, हात ठेवूनच सोडवायला लागते. आपणही लहानपणी हेच मानायचो. सुटली म्हण, सुटली म्हण, करत एकमेकांच्या मागे धावायचो आणि तोपर्यंत घास गिळायचो नाही. शिवाय फोन मलाही नकोच होता. तू हसला असतास, "अगं वेडे, मी गंमत केली होती" म्हणाला असतास, आणि ते तिने ऐकलं असतं. ती एवढे दिवस ज्या शपथेपायी गुदमरली ती गंमत होती, हे तिला कळता कामा नये. कधीच नाही.

मी येऊन काय करणार, असं विचारलं होतंस ना? मग ऐक, कारण हे डॉक्टर सेनना जमत नाही, मला जमत नाही, या अख्ख्या कलकत्त्यात कुणालाच जमत नाही. ऑडिट गेलं खड्ड्यात. हे पत्र वाचून झालं की मिळेल त्या गाडीने ये. घरात आलास की आधी माझी समजूत काढायला येऊ नकोस, ती निघणार नाही. सरळ तिच्याकडे जा, डोक्यावर हात ठेव आणि तोंड गंभीर ठेवून सुटली म्हण. मग तिच्या हातात शंख दे आणि तिथून हलू नकोस. ती फुंकताना डोळे तुझ्यावरच ठेवणार आहे. तिचं फुंकून, खोकून, आतलं सगळं बाहेर टाकून होईपर्यंत तिच्या समोर उभा राहा. जिवंत.

तू येईपर्यंत संतापलेली, आणि तरीही तुझीच,
सुरुची